सुमित्राबाईंचा हार घातलेला फोटो

जुईनगर
४ ऑगस्ट २०२५

ती. आबांस ज्ञानेश्वरीचा सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूलही करत नाही, म्हणून हे पत्र.

वाशीच्या डाळिंब पॅकिंगमध्ये सुपरवायझर होऊन मला आठ महिने झाले. बायकांना हुरूप यावा म्हणून मी ‘महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी’ सुरू केलं. सर्वांत जास्त पेट्या भरणाऱ्या सुमित्राबाईंचा मोठा फोटो फ्रेम करून दारासमोर लावला, वर झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी त्यांचे जावई डबा द्यायला आले आणि फोटोसमोर मटकन खालीच बसले. सासूबाई गेल्या नि आपल्याला कुणी कळवलंही नाही, असं त्यांना वाटलं! ‘मी अजून जिती हाय,’ असं ठणकावून सुमित्राबाईंनी घर गाठलं. त्यांच्यामागून आणखी पाच जणी गेल्या.

पंधरा ऑगस्टपर्यंत त्या परतल्या नाहीत तर माझी बढती काढून घेणार, असं साहेब म्हणालेत. हसू नका, काय करू ते सांगा.

लोभ मोठा ठेवा, सल्ला छोटा पाठवा.

तुमची ज्ञाना

पाटण
८ ऑगस्ट

चि. ज्ञानास अनेक आशीर्वाद.

मला उत्तम ऐकू येतं, तूच पुटपुटतेस. पत्र वाचून तुझी आई नि मी इतके हसलो की शेजारचा नामा बघायला आला.

बाजारात तीस वर्षं हमालांची मुकादमकी केली. एकदा चारचौघांत एकट्या शिवरामचं तोंडभर कौतुक केलं. उरलेल्या अकरा जणांनी त्या दिवशी सगळ्या जड गोण्या शिवरामच्याच पाठीवर दिल्या. शाबासकी पाठीवर द्यायची असते पोरी, भिंतीवर नाही. नोटीस वगैरे पाठवू नकोस. बाईंच्या घरी जा, चहा देतील तो पी आणि गप्प बस. हे शेवटचं तुला जड जाईल.

आशीर्वाद न मागता मिळतील.

आबा

जुईनगर
१६ ऑगस्ट

ती. आबांस सा. न. वि. वि.

बोनकोड्याला बाईंच्या घरी जाऊन आले. गप्प बसले, खरंच! दुसऱ्या कपाला सुमित्राबाई बोलल्या. हाराचं त्यांना हसूच आलं होतं. राग वेगळाच होता. पेट्या त्या भरतात, पण शेजारी उभी राहून किडकी डाळिंबं वेगळी काढते ती शकुबाई. तिच्या हातामुळेच यांच्या पेट्या भराभर होतात. एकटीचाच फोटो लागल्यावर शकुबाईला तोंड कसं दाखवायचं, असं त्या म्हणाल्या.

आबा, शकुबाई कोण, हे मला त्यांनाच विचारावं लागलं. माझ्या टेबलापासून चार पावलांवर उभी असते ती. फार लाज वाटली.

बारा तारखेला सगळ्या आल्या. मी सर्वांसमोर चूक कबूल केली. शकुबाईने मला शेजारी उभं केलं आणि निवडायला लावलं. मी चार पेट्यांची डाळिंबं निवडली. तिने त्यातल्या तीन पुन्हा तपासल्या. सगळ्या खो खो हसल्या. मला मॅडम म्हणणंही बंद झालंय.

बढती टिकली. पण खरं सांगू? आठ महिन्यांत पहिल्यांदाच सकाळी मला कामावर जायची घाई होतेय.

माया आहेच, तशीच असू द्या.

तुमची ज्ञाना