पडद्यासमोरचा साहेब

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मान्य करून घे, सध्या कमरेतून वाकता येत नाही, कारण खाली येतंच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे माझी अब्रू सोडून सगळं.

तुझ्या भावजयीला नवा नाद लागलाय. कुणी रिकामटेकडा कुठेतरी डबी लपवतो, ठिकाण फोनवर टाकतो, आणि दुसऱ्या रिकामटेकड्यांनी ती हुडकून, आतल्या चिटोऱ्यावर नाव लिहून, जिथल्या तिथे ठेवून यायचं. बक्षीस काही नाही. (मी विचारलं होतं.) गाडीत बसून सिनेमा बघायचं ते गावाबाहेरचं बंद पडलेलं थिएटर आहे ना, तिथली डबी हिला काही सापडेना. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी म्हणालो, "दिशा हा माझा विषय आहे." आणि दुपारी ही बाहेर गेलेली बघून एकटाच निघालो. ज्या दिशेला मी छातीठोकपणे पूर्व म्हणत चाललो होतो, तिकडे सूर्य मावळायच्या तयारीत होता, एवढं सांगितलं म्हणजे बाकीचा प्रवास तुला कळेल.

मैदानात गुडघाभर गवत, पडद्याचे पत्रे निखळलेले, गाड्यांची तोंडं वर राहावीत म्हणून घातलेले मातीचे उंचवटे आणि जागोजागी खांबावर लटकणारे गंजके स्पीकर. फोनवर सूचना होती, 'कान देईल त्याला मिळेल.' मी ती शब्दशः घेतली. एकेका स्पीकरला कान लावत निघालो (एक-दोघांना "हॅलो"ही म्हटलं) आणि मागे सरकताना उंचवट्यावरून जो आपटलो, तो थेट एका मोटारीसमोर.

तिथे गाडी शिकवण्याचा वर्ग भरतो, मला काय माहीत! मास्तर आणि शिकाऊ मंडळी धावत आली. "काय शोधताय, काका?" डबी म्हणायला जीभ रेटेना. म्हणालो, "पाहणी करतोय. खात्याकडून." कुठल्या खात्याकडून, ते देव जाणे. मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मैदान जाणार?" शिकणाऱ्यांत एक नर्स होती, तिच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. "रस्त्यावर माझे हातपाय कापतात हो. इथेच कुठे जरा जमायला लागलंय." आता तिला काय सांगणार? एका खांबाला टेकलो आणि बोलत सुटलो. मैदानाचा उतार, माती, वारा, काही सोडलं नाही. शेवटी तर "मी आहे तोवर या जागेला कुणी हात लावणार नाही" असं जाहीर करून बसलो. टाळ्या पडल्या, दादा! निरोपसमारंभातही मला एवढ्या मिळाल्या नव्हत्या.

आणि टाळ्या थांबतात तोच मागून ओळखीचा आवाज, "अहो, तुम्ही इथे?" माझ्या काळजीने शोधत आली असणार, दुसरं काय. मास्तर म्हणाले, "साहेबांच्या घरच्या का?" मी डोळे मिटले. ही शांतपणे म्हणाली, "हो, साहेबांनाच न्यायला आले."

सगळे पांगल्यावर, मी ज्या खांबाला टेकून एवढं बोललो, त्याच्याच स्पीकरमध्ये हिने हात घातला आणि डबी काढली. चिटोऱ्यावर आपलं नाव लिहिलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही हुद्दाही लिहा." मग घरी येईपर्यंत हसत होती. इतकी हसताना तिला कधी पाहिलं, आठवत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम पुढेच आहे. मास्तर रविवारी घरी येणार आहेत, बहुधा लेखी आश्वासन मागायला. तू मोजणी खात्यातला खराखुरा साहेब. शनिवारच्या गाडीने ये आणि माझा वरिष्ठ म्हणून दोन शब्द बोल. हिला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. (भावजयीकडून) : भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. मैदान मास्तरांच्या सासऱ्यांचंच आहे, ते कुठेही जात नाही. त्यांनी चेहरा पाडला तो गमतीने. हे कोण, ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं, कारण यांना न सांगता मी तिथेच गाडी शिकत होते (डबी सापडत नाही हे नुसतं निमित्त), त्या दुपारीही तिथेच होते आणि हे दिसताच त्यांना सांगितलं होतं. ती नर्स मात्र खरंच घाबरली होती. यांच्या भाषणाने तिला धीर आला, म्हणून कुणीच मध्ये बोललं नाही. मास्तर रविवारी येतायत ते माझं लायसन्स आलं म्हणून चहाला. तुम्ही शनिवारी नक्की या. स्टेशनवर गाडी घेऊन मी येते. पुढे तुम्ही बसा, साहेबांना मागे बसवू.