उजव्या हातातलं घड्याळ

३ मार्च, प्लेनो
शेजारचे आल्दो काका, वय त्र्याण्णव. तरुणपणी इटलीत रेसिंग करायचे. कंपनीची टीम वगैरे नाही. गाडी स्वतःची, मेकॅनिक एकच, जीनो. जुन्या गाड्यांचा इथला क्लब शनिवारी सत्कार करतोय. बोर्डवर लावायची सगळ्या रेसची यादी माझ्या गळ्यात. "तू सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली, तुझ्याकडून चुका राहणार नाहीत," इति त्यांची मुलगी कार्ला. हौसेनं हो म्हटलं. आता भोगा.

५ मार्च
एकोणीस रेस. अकरांत गाडी मधेच बंद पडली. सातांत शेवटून पहिले-दुसरे. फक्त डोंगरातल्या एका रेसला तिसरा नंबर. त्याचा फोटो कार्लाकडून मिळाला. बोर्डवर मोठा तोच लावायचाय. काका त्याबद्दल बोलतच नाहीत. विनय असेल.

६ मार्च
विनय नाही. फोटोत हेल्मेट, गॉगल, चेहरा दिसतच नाही. पण घड्याळ डाव्या हातात. काका डावखुरे, घड्याळ कायम उजव्या हातात. बाकी सगळ्या फोटोंतही. हा उलटा छापला म्हणावं, तर गाडीवरचा नंबर सुलट. माझी खोड काही जात नाही.

७ मार्च
चहाला गेले. विचारलंच. काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताप होता. उभं राहवेना. जीनोनं माझे कपडे घातले, हेल्मेट, घड्याळसुद्धा. ते मात्र सवयीनं डाव्या हातात." हसले. जीनो कुणाला काही न सांगताच वारला, त्यालाही तीस वर्षं झाली.
"इतकी वर्षं कुणी मनगट बघितलं नाही. यू लुक्ड."
फार वाईट वाटलं. काय लिहू, विचारलं. "यादी ठेवून जा."

८ मार्च
निखिलला सांगितलं. नवरा म्हणून सल्ला: "जाऊ दे ना यार, क्लबमध्ये कोण चेक करतंय?" कार्लाचा फोन. डॅडचा थर्ड प्लेस मोठ्या अक्षरांत हवा. तिला काहीच माहीत नाही. बघते म्हटलं.

९ मार्च
काकांनी यादी परत दिली. "करेक्ट आहे," एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही.
घरी येऊन बघितलं. तिसऱ्या नंबरच्या ओळीत पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलंय. कागद खिडकीशी धरला. जीनो.
चारपर्यंत फाइल प्रिंटिंगला जायला हवी. साडेतीन वाजलेत.