डावीकडची मोकळी जागा

४ मार्च

मित्सुए येणार! वीस तारखेच्या स्नेहसंमेलनाला, सेंदाईहून, एकटी. पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा लावून वाचलं.

नववीच्या वर्गात ती बाकावर माझ्या डावीकडे बसायची. बासष्ट वर्षं झाली. आणि संमेलन भरवणाऱ्या आमच्या वर्गमित्र कुराताने फर्मान काढलंय – प्रत्येकाने आपल्या बाकावरच्या जोडीदारासाठी भेट आणायची. कुराताला शंभर वर्षं आयुष्य मिळो!

आकाने म्हणाली, "बाबा, मिसो सूप तोंडाने प्यायचं असतं. कानाशी काय नेताय वाटी?" लेकीला काय सांगू?

५ मार्च

भेट म्हणजे साकेची, तांदळाच्या दारूची बाटलीच. पण कुठली? तेव्हा बोलायचं राहिलेलं यावेळी बाटलीने बोलायला हवं. माझ्याच्याने होईल असं वाटत नाही.

७ मार्च

गेन्झोच्या साकेच्या दुकानात गेलो. रस्त्याच्या कडेला बर्फ अजून गुडघाभर, पण त्याच्या दारावरचा देवदाराच्या पानांचा गोळा हिरवागार – नवी साके आल्याची खूण! गेन्झोने पाच पेल्या ओळीने मांडल्या. "मास्तर, आधी नाक, मग जीभ, शेवटी अक्कल."

पहिली – तांदूळ निम्मा होईपर्यंत घासून केलेली. नासपतीचा वास. फार देखणी, पण घशाखाली उतरली की ओळखही दाखवत नाही. दुसरी जुन्या वळणाची, जाडसर. कोमट करून दिली त्याने. आजोबांच्या घोंगडीत शिरल्यासारखं वाटलं! तिसरी दुधाळ, जिभेवर गुदगुल्या करणारी. चौथी इतकी कोरडी की मला आमच्या जुन्या स्टेशन सुपरिंटेंडेंटची आठवण झाली.

"कुणासाठी हवीय ते तर सांगा," गेन्झो.

"एका व्यक्तीसाठी."

"व्यक्ती बाई आहे की बुवा?"

मी पाचवी पेली उचलली. उमेशु होती – साकेतच मुरवलेली उमेची आंबट फळं, तीन वर्षांची. आणि एका घोटात मी पंधरा वर्षांचा झालो!

८ मार्च

काल घरी येताना आकानेने सायकल हातातून काढून घेतली. "डॉक्टरांनी एक पेली सांगितलीय, पाच नाही." मी म्हटलं, पाच अर्ध्या. ती म्हणाली, रेल्वेवाल्यांचा हिशेब.

ते फळ मात्र डोक्यातून जाईना. कवितापाठाच्या दिवशी मित्सुएच्या आजीच्या बरणीतली उमेची फळं आम्ही पळवली होती. तीन मी, तीन तिने. फळंच तर आहेत, असं वाटलं! वर्षभर दारूत मुरलेली! मी उभा राहिलो, कवितेची पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि तिसरी खिडकीतून उडून गेली. डावीकडून तिने ती सांगितली, पण इतक्या मोठ्याने की सगळा वर्ग हसला. मग ती हसली, मग मी. दोघांना पाण्याच्या बादल्या धरून व्हरांड्यात उभं केलं. इतका सुखाचा तास माझ्या शालेय जीवनात दुसरा नाही.

त्याच वसंतात ती टोकियोच्या गिरणीत कामाला गेली. फलाटावर मी काहीतरी बोलणार होतो. गाडी वेळेवर सुटली. मग मी रेल्वेतच लागलो, स्टेशनमास्तर झालो आणि अडतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडत राहिलो.

१८ मार्च

बाटली घेतली! तळाशी फळं असलेलीच. गेन्झोने वेष्टनाचे कागद पुढे टाकले. मी मनात कविता घोळवत होतो. सोन्याची कड आणि दहा पदरी लाल-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ असलेला सर्वांत सुंदर कागद बोटाने दाखवला.

"हा? नक्की?" गेन्झोच्या भुवया कपाळात गेल्या. "मोठंच शुभकार्य दिसतंय!"

"मोठंच!"

त्याने गाठीखाली माझं नाव कुंचल्याने लिहिलं. "फक्त तुमचंच? डावीकडे बायकोचं नाव येतं जोडप्याच्या भेटीवर."

"सायो जाऊन नऊ वर्षं झाली, गेन्झो."

"माहीत आहे हो. म्हणून तर विचारतोय."

याचा अर्थ काय? डावीकडची जागा मोकळीच राहिली.

२० मार्च

अरे देवा!

दुपारचं जेवण, गरम झऱ्यांच्या सराईत. मित्सुए आली. केस पांढरे, हसणं तेच. मी बाटली पुढे केली. कुराता ओरडला, "लग्न कुणाचं रे?"

ती गाठ लग्नाची! साध्या आनंदाला फुलपाखरासारखी गाठ – ओढली की सुटते, पुन्हा बांधता येते, आनंद पुन्हा पुन्हा यावा म्हणून. ही एकदाच बांधायची, न सुटणारी. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढं माहीत नसावं? आमच्या घरच्या भेटी आयुष्यभर सायोनेच बांधल्या!

सगळे टेबल बडवत होते. मी कानापर्यंत लाल. मित्सुए डोळे पुसत म्हणाली, "तिसरी ओळ पुन्हा विसरलास ना रे?"

मग तिने कागद गाठीसकट अलगद सरकवून काढला, घडी केली आणि पिशवीत टाकला. मला उमेशु ओतली, मी तिला ओतली. बरणीतली फळं आठवली का, मी विचारलं. "तीन नाही, चार खाल्ली होती मी," ती म्हणाली. "तुझ्यासमोर तीन."

तिची चार वाजून बारा मिनिटांची गाडी. फलाटावर पुन्हा काही बोललो नाही. नुसता वाकून नमस्कार केला, निवृत्त मास्तराने गाडीला करावा तसा.

२१ मार्च

सायोच्या फोटोपुढे पेली ठेवली. म्हटलं, तू असतीस तर ही चूक झाली नसती. फोटोत ती हसतेच आहे. कालपासून जरा जास्त.

आकानेला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून हसली. मग म्हणाली, "बाबा, चूक होती ना?"

मी फावडं उचलून आवारातला बर्फ काढायला लागलो.

२५ मार्च

पत्र नाही. तिचा अपमान झाला असेल का? माफीचं पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आवारातल्या उमेला पहिलं फूल आलं. चार ओळी जमल्या, तिसरी बरी नाही.

२९ मार्च

गेन्झो वाटेत भेटला. "मास्तर, गाठ सुटली का?" याला पुन्हा गिऱ्हाईक नाही मिळणार माझ्यासारखं.

२ एप्रिल

सेंदाईहून पाकीट. आत पत्र नाही. फक्त तो कागद, इस्त्री केलेला, गाठ जशीच्या तशी. खाली माझं नाव. डावीकडे, तिच्या कुंचल्याने – मित्सुए.