डाव्या हातानं दिलेला डबा

रुपरावभाऊ, वाडीहून ताईचा आशीर्वाद.

पहिले तुह्या शेजारची गोपिका आली, मागून तिचा नवरा डबा घेऊन. नाल्यात गळ टाकून तू पकडलेल्या मासोळ्या, हळद-मीठ लावलेल्या! पिंकीनं काटे काढू काढू खाल्ल्या. म्हणे, "आजी, तुह्या भावाले रोज पाठवाले सांग." नात जेवली अन् माह्यं पोट भरलं.

पण गोपिका बोलून गेली, डबा तू डाव्या हातानं देला. तू तं डाव्या हातानं कोणाले पाणी देत नाही. काहून गा? गळावरून सोडवताना शिंगी मासोळीनं काटा मारला ना? तुले शुगर आहे. मासोळीवानी हातालेही हळद लावून बसू नको. मंग तुही गाय कोण दोहून राहिलं?

मासोळ्या पुरे. आता तूच ये, इथं डॉक्टरले हात दाखवू. गोपिका अन् तिचा नवरा इकडं परत येतो म्हणाले, बुधवारी; त्यायच्यासंगच ये.

तुही ताई