लंबूचे उरलेले फेरे

उमरखेड,
दि. ८ फेब्रुवारी

तीर्थरूप वामनकाकांना स्वानंदचा साष्टांग नमस्कार. कुंदाकाकू, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. मधलं काही गाळू नका.

उशीर झाला म्हणजे काय, मी टाळतच होतो. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर डोंगरसिंगच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मग महागावला कापसाच्या गाड्यांची रांग बघत तिथंच रमलो. एका गाडीत कापसातच कुत्री व्याली होती. मालक म्हणे, "पिल्लं उतरवत नाही, वजनात धरून घ्या!" लय हसलो. असो.

इथं बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कपबशा धुऊन राह्यलो. डोंगरसिंगनं सांगितलंच असेल. तब्येत बरी आहे.

तुमचं ऑपरेशन झालं का? फोन करून विचारायची हिंमत होत नाही.

त्या रविवारचं लिहायचं आहे. युरोपच्या बर्फावरच्या ऑलराउंड स्केटिंगचा शेवटचा दिवस. एक डोळा साखरेनं नेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू, म्हणून काकूंच्या मोबाइलवर मी बघायचो आणि तुम्हाला सांगायचो. नाद तुमचा जुनाच, टीव्हीवर लागायचं तेव्हापासूनचा. "आपल्या मे महिन्यात आठवाले काही गार पाह्यजे का नाही?" म्हणायचे तुम्ही.

आदल्या दिवशी आपला नॉर्वेचा लंबू पहिल्या छोट्या शर्यतीत अडखळला, बर्फावर हात टेकला. मी म्हटलं, गेला. तुम्ही चिडलात.

"कायले गेला बे? चारही शर्यतीची बेरीज होते. लंबी बाकी हाये अजून."

मग खाटेची कड धरून म्हणालात, "हा उठला तं मीबी दुसरा डोळा करून टाकतो. नाही उठला तं आहे तसं बरं."

शेवटच्या लांब शर्यतीत नेट अडकलं, म्हणून उरलेले फेरे मी अंदाजानं सांगितले.

नाही. नेट अडकलं नव्हतं. काकू, थांबू नका, वाचा.

लंबू दमला होता. फेऱ्याफेऱ्याला मागं पडत होता, तोंड उघडं, पाठीवर बांधलेले हात सुटलेले. मी आवाज बंद केला आणि सांगत सुटलो. वळणावर आला, समोरच्याला गाठला, काढला काका, काढला! शेवटच्या घंटीला तर मी खाटेवर उभा होतो. खरं म्हणजे तो चौथा आला की पाचवा, तेही मी नीट पाहिलं नाही.

तुम्ही रडलात. सकाळी गल्लीत पेढे वाटले. आणायला मीच गेलतो. विमलताईंनी विचारलं, "कोन पास झालं बाप्पा?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "आमचा लंबू!" मी पेढा तोंडात धरून उभा.

तुमच्या भल्यासाठी बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच आहे. तुम्ही ऑपरेशनला नाही म्हटलं असतं तर तुमचे डोळे म्हणून मलाच तुमच्याजवळ नेरला राहावं लागलं असतं. रोज पेपर, रोज गोळ्या, रोज हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत. तिकडं डोंगरसिंगचा ट्रक निघत होता. मला सुटायचं होतं, काका. पट्टी निघेपर्यंत थांबतो म्हणून तुम्हाला शब्द दिला, आणि तुम्ही दवाखान्याची तारीख घेतली त्याच संध्याकाळी ट्रकवर चढलो.

आता हाही डोळा गेला तर माझ्या खोट्यावर जाईल. तारीख पुढं असेल तर खरं ऐकून मग ठरवा. म्हणून लिहिलं. काहून इतके दिवस लिहिलं नाही, ते

थांबा. यवतमाळची गाडी लागली. उतरणाऱ्यांत एक माणूस आहे, काळा चष्मा लावलेला. कोणाचा हात न धरता, पायरी बघून उतरला. रस्त्याच्या पलीकडं उभा राहून आमच्या हॉटेलची पाटी मोठ्यानं वाचून राह्यला, एकेक अक्षर, पोरासारखं.

हातात काकूंचा मोबाइल आहे. ती शर्यत अजून त्यावर निघते, म्हणजे पाहिलीही असेल.

काकू, वाचून दाखवायचं काम तुमच्यामागचं सुटलं. पत्र मी त्यांच्या हातातच देतो.

काका, आता तुम्हीच वाचा.

तुम्ही ठेवाल तर तुमचाच,
स्वानंद