देवराम टेलरचं मत

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०१४, गोंदिया

टीव्हीवरच्या चर्चेने मत बदलतं का, यावर आठच्या आत बातमी द्यायची होती. कुडव्यात देवराम टेलरच्या दुकानात पाचसहा जणांबरोबर उमेदवारांची चर्चा पाहिली. विचारलं, तर सगळे हसले. "मत तं मोहल्ल्याच्या बैठकीत ठरलं भाऊ. हे आमी कुस्ती पाहून राहिलो."

ते गेल्यावर देवरामने दार ओढून घेतलं. "माह्यं बदललं. आपला माणूस तलावाच्या पाण्यावर एक शब्द बोलला नाही." त्याच उमेदवारासाठी देवरामने मोहल्ल्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर हात वर केला होता. "पण छापू नोका. मले इथंच कपडे शिवाचे हायेत."

नाव गाळून लिहावं? 'कुडव्यातला एक टेलर' म्हटलं तरी कळणारच. दार ओढण्याआधी त्याने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. इतकी वर्षं जे मिळालं ते लिहीत आलो. आज सोडलं. त्याच्यासाठी, की मीच घाबरलो?

पावणेआठला बातमी पाठवली. चर्चेने कुडव्यात एकाचंही मत बदललं नाही, असं पहिल्याच ओळीत आहे. वर माझं नाव.