सत्तेचाळिसाव्या पानावरचा ठिपका

मंगळवार, १९ सप्टेंबर २००६

एकशे बारा पानं. दोनदा मोजली. आठ-आठ पानांच्या चौदा जुड्या, दोऱ्याने शिवलेल्या. लॅटिनमधलं प्रार्थनेचं पुस्तक, साडेपाचशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं. कागद नाहीच — वासराचं कातडं! केसांकडची बाजू पिवळसर, बारीक छिद्रांची, मांसाकडची पांढरी. पिवळ्यासमोर पिवळी, पांढऱ्यासमोर पांढरी येईल असं लावलंय. हात लावण्याआधी पुस्तकाला नमस्कार केला. मग त्या वासरालाही.

शिकागोच्या आमच्या लायब्ररीतल्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख नोवाकबाई म्हणाल्या, "घाई नको. याने आपल्यापेक्षा घाईची माणसं पाहिलीयत."

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज मालकांची यादी केली. पहिल्या पानावर मठातल्या ननचं नाव — कातेरिना. त्यावर काट मारून एका डॉक्टराने स्वतःचं लिहिलंय. मग इंग्लंडातल्या पाद्र्याच्या नावाची छापील चिठ्ठी, चिकटवलेली. शेवटी शिकागोचा मांसाचा व्यापारी. त्याच्या विधवेने लायब्ररीला दिलं. शिवाय नाव न लिहिणारे कितीतरी! मेणाचे थेंब, कोपऱ्यांवर बोटांचा मळ. नोवाकबाई तेही नोंदवायला लावतात.

दुपारी खळ शिजवली. गव्हाचीच. वास आला आणि थेट गावच्या शाळेत गेलो. दिवाळीच्या सुटीत गुरुजी फाटकी पुस्तकं शिवत बसायचे, मी खळ ढवळायचो. कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलं की निळसर व्हायची. "चाटू नकोस रे गाढवा, मरशील!" — तेवढ्या शब्दांत त्यांनी मला बाइंडिंग शिकवलं.

रविवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

माझी हत्यारं नेपरव्हिलला घरी आणली. चाकू, सुया, घड्या घालायची हाडाची पट्टी. उत्तरा म्हणाली, "अहो, हाडाला हळदकुंकू? तेही देवासमोर?"

"भाकरी देते ती."

"भाकरी माझी कंपनी देते. ही तुमचे लाड पुरवते!"

वल्लरी हसत सुटली. "बाबा, यू आर ब्लेसिंग अ नाइफ!" पण आरतीला टाळ्या तिनेच वाजवल्या. शाळेत या दिवसांत पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायचो. आज बोटाने ताटातल्या तांदळात काढली. जमली.

सोमवार, २ ऑक्टोबर. दसरा

सत्तेचाळिसाव्या पानाच्या समासात लाल ठिपका! मोहरीएवढा. शुक्रवारी पाहिल्याचं आठवत नाही. पट्टी पुसून आणली होती, पण तिच्या टोकाच्या भोकात कुंकू राहिलं होतं. पुस्तक मिटलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

बोललो नाही.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

उत्तराला सांगितलं. ती चिडली. "अकरा वर्षं गोदामात खोकी उचललीत, तेव्हा हे काम मिळालं. एका ठिपक्यापायी घालवणार? पुसता येत नाही का?"

येतो. ओल्या कापसाने, एका मिनिटात. म्हणूनच आज त्या टेबलाकडे फिरकलो नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

सांगून टाकलं. नोवाकबाई ओरडल्या नाहीत. नुसता हात पुढे केला, मी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "पूजेत नेमकं काय लावता?" कुंकू, म्हणजे हळद नि चुना — माहीत होतं ते सांगितलं. त्यांनी पुस्तकाच्या नोंदीत पेन्सिलने लिहिलं: लाल डाग, शिकागो, २००६. पुढे माझं नाव, स्पेलिंग विचारून. तपासणी होईपर्यंत मी तळघरात मासिकं शिवायची. नंतरचं नंतर.

घरी येताना गाडीत रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मनात यादी चालू — कातेरिना, डॉक्टर, पाद्री, व्यापारी… आणि मी! देवा, क्षमा कर.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

कुंकू नाही. जुन्या लाल शाईतला हिंगूळ निघाला — पुस्तकातली लाल अक्षरं लिहिणाऱ्याच्याच लेखणीतून तेव्हाच उडालेला. १९५८च्या फोटोतही ठिपका आहे. सोमवारपासून टेबलावर परत बोलावलंय. नोवाकबाईंनी माझ्यासमोरच नोंदीतलं माझं नाव खोडरबराने पुसलं, कण फुंकून टाकले. यादी पुन्हा व्यापाऱ्यापाशी संपली.

"थँक यू," म्हणालो.